टॉवेल कुणी नेले

टेनिसचं मला काही कळत नाही, असं आमच्या घरचे म्हणतात. एका अर्थी खरं आहे. गुण पंधरा, तीस, चाळीस असे उड्या मारत का जातात, हे मला पटेल असं अजून कुणी सांगितलेलं नाही. पण दरवर्षी थंडीत रस्त्यापलीकडच्या क्रीडासंकुलात आठवडाभर जी व्यावसायिक स्पर्धा भरते, पुरुषांची आणि बायकांची, जिच्यासाठी कुठकुठल्या देशांतून खेळाडू येतात, त्या खेळाडूंबद्दल मी जेवढं सांगू शकते तेवढं पेपरवालेही सांगू शकत नाहीत. त्यांचे टॉवेल माझ्याकडे धुवायला येतात.

टॉवेलवरून माणूस कळतो. कुणी नुसतं कपाळ टिपतो आणि घडी न मोडता परत देतो. कुणी कोपरा दाताखाली धरून चावतो. हरणाऱ्याच्या टॉवेलचे कोपरे जास्त चावलेले असतात. कुणी त्यानेच बूट पुसतो. बोटाला फोड फुटलेला असतो, त्याचं रक्त. केळ्याचा चोथा, गोड पाण्याचे चिकट डाग, रॅकेटच्या मुठीचा काळपटपणा. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे उन्हासाठी चेहऱ्याला लावायचं क्रीम. पांढऱ्या टॉवेलवर ते दिसत नाही. ब्लीचमध्ये घातलं की विटकरी रंगाने फुलून वर येतं. पहिल्या वर्षी मी वीसेक टॉवेल असे विटकरी केले. मग आधी थंड पाण्यात भांड्यांचा साबण, नंतर लिंबूसत्त्व, असा रस्ता शोधून काढला. त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती मी कुणाला सांगत नाही. इथेही सांगणार नाही.

माझं माहेर माले गावचं. लग्न होऊन महाळुंग्यात आले तेव्हा इथे भाताची खाचरं होती आणि मधेमधे इमारतींचे सांगाडे उभे राहायला लागले होते. मी कोळशाची इस्त्री घेऊन त्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी राहिले. आमच्यात हे काम कुणी केलेलं नव्हतं. ‘‘आता परटीण झालीस व्हय?’’ असं भावकीतल्या एका बाईने विचारलं. ‘‘व्हय. आणा तुमच्या मालकांचा सदरा, कडक करून देते,’’ असं मी सांगितलं. त्या बाई आज माझ्या गिऱ्हाईक आहेत. पार्किंगमधून गाळा झाला, एका मशीनची चार झाली, कपडे पिळून काढणारं मोठं हायड्रो आलं, टेम्पो आला. नवरा टेम्पो चालवतो, भाव मी ठरवते. सूसपासून खाली बाणेरपर्यंतच्या जिमांचे आणि सलूनचे टॉवेल माझ्याकडे येतात. हे सगळं मी भांडून मिळवलेलं आहे. माझा आवाज मोठा आहे आणि राग लवकर येतो. घासाघीस करताना रागाचा उपयोगच होतो. समोरच्याला तो खोटा वाटला पाहिजे आणि आतून तो खरा असला पाहिजे.

गाळ्यात पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर माझी नणंद आहे. नवऱ्याची थोरली बहीण, संसार मोडून पंचविशीतच माहेरी परत आलेली. मी त्यांना वन्सं म्हणते. माझ्या अगदी उलट. दिवसभरात वीस वाक्यं बोलत असतील, पण टॉवेलची घडी अशी घालतात की पन्नास टॉवेलांचा ढीग भिंतीसारखा सरळ उभा राहतो. दर रविवारी पांढरं लुगडं नेसून विहारात वंदनेला जातात. तेवढीच त्यांची बाहेरची वाट.

स्पर्धेचं काम मिळालं त्या पहिल्या वर्षी टॉवेल साधे पांढरे होते. माझ्याकडे जिमचेही पांढरे, सलूनचेही पांढरे. कितीही काळजी घेतली तरी इकडचा तिकडे जायचा. समितीत खेळाडूंची सोय बघणारे एक साहेब होते. साठीकडे झुकलेले, स्वतः तरुणपणी बाहेरगावी जाऊन खेळलेले, एक गुडघा वाकत नसे. बोलणं शहरातलं, सोलून काढलेलं. रागावले तरी ‘आपण’ म्हणायचे. ते प्रत्येक गठ्ठ्यातून एक टॉवेल दोन बोटांत धरून वर काढायचे आणि म्हणायचे, ‘‘ताई, हा आमचा नव्हे.’’

शेवटी मी त्यांच्या ऑफिसात जाऊन बसले. म्हटलं, ‘‘साहेब, टॉवेलला किनार लावा. नाव विणून घ्या. मग तुमचा कुठला आणि आमचा कुठला, आंधळ्यालाही कळंल.’’

‘‘टॉवेल पुसायला असतो ताई, वाचायला नाही.’’

‘‘मग दरवेळी माझ्या नाकासमोर धरून काय वाचता तुमी?’’

तासभर चाललं. त्यांनी खर्चाचं सांगितलं, मी त्यांना त्यांच्याच सतरंजीवरची किनार दाखवली. त्यांनी पुढच्या वर्षी बघू म्हटलं, मी चहा मागवा म्हटलं. तीन चहांनंतर ते ‘हो’ म्हणाले. घरी येताना मी टेम्पोत नवऱ्याला ती सगळी बोलणी दोनदा म्हणून दाखवली.

दुसऱ्या वर्षी नवे टॉवेल आले. जाड, दुधासारखे, दोन्ही कडांना गडद निळी किनार, किनारीत स्पर्धेचं आणि गावाचं नाव विणलेलं, कोपऱ्यात हिरवट पिवळा चेंडू. पहिला गठ्ठा सोडला तेव्हा वन्संनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘‘लई ग्वाड केलाय गं.’’ मला स्वतःला एक ठेवून घ्यावासा वाटला. तेव्हाच कळायला हवं होतं.

त्या वर्षी टॉवेल कमी यायला लागले. पहिल्या दिवशी तीन, दुसऱ्या दिवशी सात. मी मशीनच्या आत हात घालून बघितलं, टेम्पोची ताडपत्री झटकली, जिमवाल्याशी भांडून त्याची कपाटं उघडायला लावली. काही नाही. पाचव्या दिवशी दुपारी वन्सं आणि आमच्याकडे कामाला असणारी एक बाई संकुलातल्या टॉवेल देण्याघेण्याच्या खिडकीवरचं काम संपवून मागच्या गेटाने बाहेर निघाल्या, तर साहेबांनी गेटावर त्यांच्या पिशव्या उघडायला लावल्या. शेजारी तिकिटाची रांग होती. रखवालदाराने वन्संची पिशवी टेबलावर पालथी केली. डबा, कंगवा, डोकेदुखीचं मलम, आणि त्यांचा स्वतःचा एक जुना गुलाबी टॉवेल, हात पुसायला आणलेला. रखवालदाराने तो वर धरून विचारलं, ‘‘ये क्या है?’’ रांगेतले लोक हसले.

मी आत खिडकीवर होते. कळल्यावर धावत आले, तोवर सगळं परत पिशवीत गेलं होतं. साहेब तिथेच उभे होते. म्हणाले, ‘‘रूटीन असतं ताई, आपण मनाला लावून घेऊ नये.’’ मी जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. रांगेतलं हसणं त्याने थांबलं एवढं खरं. पण एवढ्याने काही होत नाही. पिशवी उघडलेली सगळ्यांनी बघितली होती.

वन्सं रात्रीचं जेवण झाल्यावर म्हणाल्या, ‘‘मी गाळ्यात करीन काय असंल ते. तितं येणार न्हाई.’’ पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या पायरीवर कुणीतरी सहज विचारलं, ‘‘टॉवेलांचं काय झालं म्हनं ओ?’’ सहजच विचारलं असेल. वन्सं त्यानंतर कितीतरी रविवार विहारात गेल्या नाहीत. लुगडं धुऊन, घडी घालून ठेवत आणि गाळ्यात येऊन इस्त्री करत बसत.

तिसऱ्या वर्षी मी ते काम पुन्हा का घेतलं, असं माझा भाऊसुद्धा मला विचारतो. समितीला दुसरा धोबी मिळाला नाही म्हणून त्यांनी दिलं, त्यांचं सोपं होतं. क्रीमचे डाग दुसऱ्या कुणालाच काढता येत नव्हते. मी घेतलं कारण मी सोडलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा, पळाली. मला वन्संवरचा आळ काढायचा होता, आणि तो जिथे लागला तिथेच निघणार होता. त्या वर्षी टॉवेल देण्याघेण्याच्या खिडकीत मी एकटीच बसले. कुणाला हात लावू दिला नाही. तरी टॉवेल कमी येतच होते. खेळाडू दोन घेऊन जायचा, एक परत आणायचा, आणि दुसरं विचारलं की अंपायरच्या खुर्चीकडे, चेंडू उचलणाऱ्यांकडे, आभाळाकडे बोट दाखवायचा. माझं इंग्रजी ‘वन मोअर’च्या पुढे जात नाही. त्यांचं मराठी तेवढंही नाही.

चौथ्या दिवशी सकाळची अकराची वेळ. एक परदेशी मुलगी खिडकीशी आली. उंच, केस पिवळे, नाक उन्हाने सोललेलं. दुसऱ्या फेरीत हरली होती, डोळे लाल होते. तिने वापरलेला टॉवेल माझ्यापुढे ठेवला नाही, छातीशी धरला, आणि दुसऱ्या हाताने मनगटावरची घाम टिपायची पट्टी काढून माझ्यापुढे ठेवली. तिला अदलाबदल करायची होती. एवढं मला कुठल्याही भाषेत कळतं.

मी मान हलवली. तिने दुसऱ्या मनगटाची पट्टी काढली. मी परत मान हलवली आणि तिच्या डोक्यावरच्या टोपीकडे बोट दाखवलं. तिने टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी खांदे उडवले आणि तोंड फिरवून रिकाम्या कपाटाची आवराआवर करायला लागले. टॉवेल मी देणार नव्हतेच. पण समोर कुणी सौदा घेऊन आलं की मला राहवत नाही. ती हसायला लागली. हरल्यानंतर पहिल्यांदाच हसली असेल. मग आणखी काही देण्यासारखं आहे का ते बघायला तिने खांद्यावरची लांबलचक बॅग खाली ठेवून उघडली.

आतून एक पिवळा टॉवेल निघाला, कडेला लाल अक्षरं. मग एक हिरवा. मग एक राखाडी, त्यावर कुठल्यातरी वळणदार लिपीतलं नाव. ती एकेक काढून मला दाखवत होती, जशा आपण नव्या नवरीच्या साड्या दाखवतो. प्रत्येकाबरोबर गावाचं नाव सांगत होती. सगळ्यांत खालून निळ्या किनारीचा आमचा निघाला. या वर्षीचा नव्हे, मागच्या वर्षीचा; चेंडूचा रंग तेव्हा जास्त पिवळा होता, मी ओळखला. मागच्या वर्षी ही येऊन गेली होती आणि तो टॉवेल वर्षभर बरोबर घेऊन हिंडत होती.

‘‘मदर,’’ ती म्हणाली, हातातला टॉवेल दाखवत. मग मागच्या वर्षीचा स्वतःच्या गळ्यात टाकून, ‘‘माइन.’’ मग आत खेळाडूंच्या खोलीकडे हात करून, ‘‘एव्हरीबडी.’’

माझं डोकं असं तापलं की खिडकीची चौकट दिसेना. मी दार उघडून बाहेर आले आणि तिच्या बॅगेचा पट्टा धरला. हिला अशीच ओढत साहेबांसमोर उभी करायची, बॅग टेबलावर पालथी करायची, रांगेतल्या लोकांना म्हणायचं, हसा आता. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आजूबाजूला कोण बघतंय ते बघितलं, आणि पटापट टॉवेल आत कोंबायला लागली. तिची मान खाली गेली होती. वन्संची मी त्या दिवशी पाहिलेली नव्हती, पण अशीच गेली असणार.

मी पट्टा सोडला. हातातल्या टॉवेलाकडे बोट करून म्हटलं, ‘‘ने. मदरला ने.’’ तिला कळायला वेळ लागला. मग तिने टोपी काढून माझ्या हातात दिली. ती मी घेतली. फुकट दिलेलं माणसाच्या लक्षात राहत नाही.

आणि तशीच, टोपी हातात धरून, साहेबांच्या ऑफिसात गेले. ते एकटेच होते, कागदावर सामन्यांच्या वेळा लिहीत बसले होते.

‘‘साहेब, खेळाडूंच्या बॅगा उघडा.’’

‘‘काय?’’

‘‘गेटावर टेबल मांडा आणि एकेकाची बॅग उघडा. टॉवेल तितं हायेत.’’

‘‘अहो ताई, पाहुणे आहेत ते. आंतरराष्ट्रीय खेळाडू. त्यांच्या बॅगा कशा उघडायच्या?’’ ते हसले. ‘‘आणि टॉवेल नेतातच ते. जगभर नेतात. सुंदर टॉवेल असला की हमखास जातो. आम्ही खेळायचो तेव्हा आम्हीसुद्धा...’’

आणि ते थांबले. पेन कागदावरच राहिलं.

इतकी वर्षं घासाघीस करून मला एक गोष्ट कळलेली आहे, समोरचा चुकून खरं बोलला की लगेच बोलायचं नाही. त्याचं त्याला ऐकू येऊ द्यायचं. बाहेर कुणीतरी गुण जिंकला, टाळ्या वाजल्या.

‘‘तुमाला ठाऊक होतं,’’ मी म्हटलं.

‘‘ताई, वरून विचारणा झाली होती. कुणाला तरी विचारावं लागतं.’’

‘‘आणि आमी सापडलो.’’

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या तोंडावर लाज होती, हे मी कबूल करते. म्हणून तर मी बसले. लाज वाटते तोवरच सौदा होतो.

त्यांनी आधी पत्र देऊ केलं, समितीच्या कागदावर, आपल्या सेवेबद्दल आभार वगैरे. मी नको म्हटलं. मग पुढची तीन वर्षं काम माझ्याकडेच, असं म्हणाले. मी म्हटलं, ते तसंही माझ्याकडेच हाय, डाग दुसरं कोण काढणार? मग त्यांनी खण उघडून बायकांच्या अंतिम सामन्याचे दोन पास काढले, मोठ्या लोकांच्या सावलीतल्या खुर्च्यांचे, सोनेरी कडा असलेले. म्हणाले, ‘‘आपण आणि आपल्या नणंदबाई, अगदी पुढे बसा.’’ मी ते पास एका बोटाने परत सरकवले. फार बरं वाटलं.

‘‘तुमी माझ्या गाळ्यात यायचं,’’ मी म्हटलं. ‘‘वन्संच्या तोंडावर सांगायचं, की टॉवेल त्यांनी नेले न्हाईत, कुणी नेले ते तुमाला ठाऊक होतं, आणि चूक तुमची.’’

‘‘फोनवर बोलतो मी त्यांच्याशी.’’

‘‘पिशवी काय फोनवर उघडली व्हती?’’

‘‘मग त्यांना इथे बोलवा. सन्मानाने बोलवू.’’

‘‘त्या हितं येत न्हाईत. वर्ष झालं.’’

‘‘बरं. स्पर्धा संपली की येतो. सोमवारी.’’

‘‘उद्या अकराला. गाळ्यात कामाच्या पाचही बायका असत्यात तवा.’’

‘‘उद्या उपांत्य सामने आहेत, ताई!’’

‘‘व्हय. आणि त्यांचे धुतलेले टॉवेल माझ्या गाळ्यात हायेत.’’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग पहिल्यांदाच ‘आपण’ सोडून म्हणाले, ‘‘तुम्ही खेळाडू व्हायला हवं होतं.’’ मी म्हटलं, ‘‘अकराला.’’

दुसऱ्या दिवशी ते खरंच आले. स्वतः गाडी चालवत आले, गाळ्याच्या दोन पायऱ्या तो गुडघा ओढत चढले. मी वन्संना काही सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्या घरी राहिल्या असत्या. त्या इस्त्री करत होत्या. साहेबांना बघून त्यांचा हात थांबला नाही, फक्त वेग कमी झाला. मशीनं बंद केली तशा बाकीच्या बायका भिंतीला सरकून उभ्या राहिल्या.

साहेब म्हणाले, ‘‘मागच्या वर्षी जरा गैरसमज झाला...’’

मी खोकले.

‘‘चूक झाली,’’ साहेब म्हणाले. ‘‘माझी. टॉवेल खेळाडू घेऊन जातात. मला ते माहीत होतं. तुमची पिशवी उघडायला मी सांगायला नको होतं.’’

वन्संनी इस्त्री उभी केली. मला वाटलं आता रडतील, किंवा काही न बोलता मागे निघून जातील. त्यांनी साहेबांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, ‘‘तुमी नेला व्हता का कदी?’’

साहेब गोंधळले. मी ते वन्संना सांगितलेलं नव्हतं, शप्पथ. त्यांनी आपलं आपणच ओळखलं.

‘‘एकदा,’’ साहेब म्हणाले. ‘‘बावीस वर्षांचा होतो. आईसाठी आणला. ती उशीवर घालायची. शेवटपर्यंत तोच होता.’’

‘‘अजून हाय?’’

‘‘आहे.’’

‘‘मग धुवायला पाठवा. येवढ्या वर्साचा, कडक झाला असंल,’’ असं म्हणून वन्संनी इस्त्री परत हातात घेतली.

साहेब पायऱ्या उतरून गेले. बायका एकदम बोलायला लागल्या. एकीने सगळी हकीकत विहाराशेजारच्या आपल्या जावेला तिथल्या तिथे फोन करून सांगितली, त्यामुळे ते काम मला करावं लागलं नाही. मी मात्र खुशीत होते आणि खुशीत असले की जास्त बोलते. काय काय देत होते आणि मी कसं कसं नाकारलं, सगळं वन्संना सांगितलं. पत्र, तीन वर्षं, पास.

‘‘कसले पास?’’

‘‘बायकांच्या फायनलचे. पुढच्या खुर्च्या. सरकवले मी परत.’’

‘‘कुणाला इचारून?’’

मी समोरचा गठ्ठा उगाच सारखा केला. त्या म्हणाल्या, ‘‘एवढं साल त्यांचं टॉवेल धुतलं, एक बी खेळ बघितला न्हाई मी. खिडकीतनं नुसता टाळ्यांचा आवाज यायचा.’’

‘‘मला वाटलं, तुमी त्या गेटातनं जाणार न्हाई.’’

‘‘गेटाशी काय भांडण हाय माझं? मानसाशी व्हतं.’’

आयुष्यात मी एवढा वाईट सौदा दुसरा केलेला नाही. संध्याकाळी टॉवेल पोचवायला गेले तेव्हा साहेबांच्या दारात उभी राहिले. हातात देण्यासारखं काही उरलं नव्हतं. साहेबांनी खण उघडला. ते पास त्यांनी कुठल्याशा अधिकाऱ्याला दिले होते. माझं तोंड बघून त्यांनी वरच्या रांगेतले दोन साधे पास शोधून दिले. उन्हातले. घासाघीस न करता मी घेतले.

तर शनिवारी दुपारी आम्ही दोघी वर उन्हात बसलो. वन्संनी पांढरं लुगडं नेसलं होतं. खालचं मैदान निळं, लहान, आणि त्यावर दोन मुली मरमर पळत होत्या. वन्सं पुढे वाकून बघत होत्या. चेंडू इकडे गेला की सगळ्यांच्या माना इकडे, तिकडे गेला की तिकडे. वन्संची मान मात्र हलत नव्हती. त्या एकाच मुलीकडे बघत होत्या, जी मागे पडलेली होती. पहिला सेट संपत आला तेव्हा म्हणाल्या, ‘‘तिला घाम न्हाई आलेला. तरी पुसतीया.’’

मी बघितलं. खरंच. प्रत्येक गुणानंतर ती मुलगी मागे जाऊन टॉवेल घ्यायची, सावकाश चेहरा पुसायची, कोरडा हात पुसायची, परत ठेवायची.

‘‘वेळ काढतीया,’’ वन्सं म्हणाल्या. ‘‘तू भाव सांगायच्या आदी पदर खोचतीस तसं.’’

मी इतकी वर्षं पदर खोचते हे मला माहीत नव्हतं. त्यानंतर मी त्या टॉवेलवरच लक्ष ठेवलं, आणि त्या दिवशी मला टेनिस थोडं कळलं. समोरची घाईत होती, तिला लवकर संपवायचं होतं. ही तिला संपवू देत नव्हती. दुसरा सेट हिने काढला. तिसऱ्यात समोरचीने दोन चेंडू रागाने जाळीत मारले, आणि वन्सं माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘ही तुझ्यावानी हाय. लवकर तापती.’’ जिंकली कोण हे विचाराल तर तीच, टॉवेलवाली. तिने टॉवेल डोक्यावरून घेतला आणि खुर्चीत बसून रडली. तो परत आला नाही. मी तो मोजणीत धरला नाही.

समितीला मी नंतर सांगितलं की प्रत्येक खेळाडूला एक टॉवेल पहिल्याच दिवशी भेट म्हणून देऊन टाका, बाकीचे परत येतील. यंदापासून देतात. बाकीचे बहुतेक परत येतात. ते सुचवल्याबद्दल माझं नाव कुठे आलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि एक बाब माझ्या मनात अजून आहेच. पिशवी उघडली ती रांगेतल्या शंभर लोकांसमोर, आणि चूक कबूल केली ती पाच बायकांसमोर, हळू आवाजात. हा सौदा सरळ नाही. गाळ्याऐवजी गेट मागायला हवं होतं मी. वन्संना तसं म्हटलं तर त्या म्हणतात, ‘‘बास की आता.’’ त्यांचं बास झालं आहे. माझं नाही.

त्या वर्षी बायकांचा सामना झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, पुरुषांचा शेवटचा सामना होता. सकाळी मी गठ्ठे मोजून, गाळा उघडून, पाठीमागच्या गल्लीत टेम्पोपाशी आले. संकुलात निघायला नवऱ्याने इंजिन सुरू केलेलं होतं. पुढच्या सीटवर वन्सं बसल्या होत्या, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन. कुणी त्यांना चला म्हटलेलं नव्हतं.

‘‘आजपासून विहारात जाणार होता ना?’’ मी विचारलं.

‘‘पुढच्या ऐतवारी जाईन. आज टॉवेल लई असत्याल. चढ की, किती वेळ उभी ऱ्हातीस.’’

ती पुढची जागा माझी होती. मी मागे गठ्ठ्यांवर जाऊन बसले.